फ्रेड आणि जिंजर: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या हॉलिवूडच्या नाचणाऱ्या जोडीने एकत्र केलेले सिनेमे एकूण दहा. त्यातले नऊ आरकेओ कंपनीने 1933 ते 1939 या काळात काढले आणि दहावा एमजीएमने, 1949 साली. आठवड्याला एक धरला तरी अडीच महिन्यांत सगळे बघून होतात. तरीही मी ज्यांना ज्यांना आग्रहाने हे सिनेमे बघायला लावले, त्यातले बरेच जण पहिल्याच सिनेमाला अडखळले. कारण साधं होतं. त्यांनी वर्षांच्या क्रमाने सुरुवात केली. पहिला सिनेमा 'फ्लाइंग डाउन टू रिओ', आणि त्यात ही जोडी नायक-नायिका नाहीच. श्रेयनामावलीत जिंजरचं नाव चौथं, फ्रेडचं पाचवं. अर्धा तास वाट बघून माझ्या एका मित्राचा फोन आला, "अरे, तुझे ते दोघं येणार कधी?" त्याने सिनेमा बंद केला तो केलाच.

तसं कुणाचं होऊ नये म्हणून हे लिहितोय. कुठून सुरुवात करायची, काय बघायचं, काय पुढे ढकलायचं, सगळं सांगतो. त्याआधी एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकीचं तिच्यावरच उभं आहे. या सिनेमांत भांडण बोलून होतं आणि प्रेम नाचून होतं. नाच सुरू झाला की कथा थांबली असं समजून आपण चहा ठेवायला उठतो, आणि कथेत जे घडायचं असतं ते नेमकं तेव्हाच घडून जातं. संगीत नाटकातलं पद चांगलं असेल तर पदाच्या सुरुवातीला असलेलं पात्र पदाच्या शेवटी तेच राहत नाही. इथे ते काम पाय करतात.

आधी टीव्ही नीट करून घ्या

हे सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. आजच्या लांबट पडद्यावर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसणारच. पट्ट्या डोळ्यांना खुपतात म्हणून घरातलं कुणीतरी रिमोट घेऊन 'झूम' करतं, चित्र पडदाभर पसरतं आणि वरून डोकी, खालून पाय कापले जातात. अस्टेअरच्या सिनेमात पाय कापणं म्हणजे तबल्याच्या मैफलीत तबल्याचा माईक बंद करणं. एका नातेवाइकांकडे मी एक अख्खं गाणं असं गुडघ्यांपर्यंत बघितलंय. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी ते सेटिंग तपासतो. चित्राचा मूळ आकार ठेवा. नव्या टीव्हीत हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, तीही बंद करा. तिने गिरक्या लोण्यासारख्या घसरतात, पावलाचा ठोसपणा जातो.

आवाजाचंही तसंच. टॅप म्हणजे बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या लावून फरशीवर ताल वाजवत केलेला नाच, आणि टीव्हीच्या अंगच्या पातळ स्पीकरवर त्याचे बारीक बोल ऐकू येत नाहीत. हेडफोन लावा किंवा बरा स्पीकर जोडा. सबटायटल सुरू ठेवा, कारण संवाद झरझर येतात आणि निम्मे विनोद शब्दांवरचे आहेत. आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या धूसर तुकड्यांपासून सुरुवात करू नका. साफ केलेली प्रत मिळवा आणि सिनेमा पहिल्या मिनिटापासून लावा.

पहिला सिनेमा: 'टॉप हॅट'

1935. दिग्दर्शक मार्क सँड्रिच, गाणी अर्व्हिंग बर्लिनची. या जोडीचे सगळे गुण एका जागी हवे असतील तर ते इथे आहेत.

कथेची फार काळजी करू नका. जेरी हा अमेरिकन नर्तक एका निर्मात्याच्या कार्यक्रमासाठी लंडनला येतो. डेल नावाची तरुणी त्यालाच तो निर्माता समजते, आणि तो निर्माता असतो तिच्या मैत्रिणीचा नवरा. म्हणजे मैत्रिणीचा नवरा आपल्यामागे लागलाय अशी तिची समजूत. एकाने एकदा नाव सांगितलं असतं तर सिनेमा वीस मिनिटांत संपला असता. मराठी रंगभूमीवरचे फार्स बघून वाढलेल्या माणसाला हे नवं नाही. दारं उघडतात, चुकीचा माणूस चुकीच्या वेळी येतो आणि गैरसमज कुणीच दूर करत नाही. एडवर्ड एव्हरेट हॉर्टनचा गोंधळलेला निर्माता, एरिक ब्लोरचा आगाऊ नोकर, एरिक ऱ्होड्सचा अंगावर येणारा इटालियन ड्रेस डिझायनर, हेलन ब्रॉडरिकची जगाला ओळखून असलेली मैत्रीण: ही मंडळी तुम्हाला पुढच्या सिनेमांतही भेटतील, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सिनेमापर्यंत ओळखीच्या शेजाऱ्यांसारखी वाटायला लागतील.

सुरुवात बघा. लंडनमधला एक क्लब, जिथे आवाज करायला मनाई. म्हातारे सभासद वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. जेरीने पान उलटलं तरी माना वळतात. तो बिचारा गप्प बसून राहतो. आणि बाहेर पडताना दारात थांबून पायांनी असा एक कडकडाट करतो की सगळा क्लब खुर्चीतून उडतो. काही सेकंदांत तुम्हाला या माणसाची ओळख झालेली असते.

त्यानंतरचा प्रसंग माझा फार लाडका आहे. रात्रीची वेळ, हॉटेलची खोली. आपण किती मोकळे, कुणाशी बांधलेले नाही, हे जेरी निर्मात्याला गाऊन आणि नाचून सांगतोय. खालच्या खोलीत डेल झोपलीय. छतावर धाडधाड होतं म्हणून ती तक्रार करते आणि शेवटी स्वतःच वर येते. ही दोघांची पहिली भेट. ती रागावून परत जाते. मग जेरी काय करतो, तर राखदाणीतली वाळू घेऊन जमिनीवर पसरतो आणि त्या वाळूवर अगदी हळू, सर्र सर्र असे पाय घासत नाचतो. खाली डेलला झोप लागते, वर निर्माता पेंगतो, शेवटी नाचणाऱ्यालाही डुलकी येते. हेडफोन इथे कामी येतात. आधीचा खणखणीत टॅप आणि नंतरची ही वाळूची अंगाई, माणूस तोच आणि पाय तेच. दोघं अजून एक पाऊलही एकत्र नाचलेले नाहीत, पण एका मजल्याच्या अंतरावरून त्याचे पाय तिच्याशी बोललेत.

मग पाऊस. बागेतल्या छत्रीवजा मंडपात दोघं अडकतात. तिने घोडेस्वारीचे कपडे घातलेत, म्हणजे पँट आणि जाकीट, झुळझुळीत झगा वगैरे काही नाही. तो गातो, ती पाठ करून बसलेली. गाणं संपल्यावर तो सहज चालावं तसा चालायला लागतो. ती उठते आणि खिशात हात घालून त्याच्या मागून त्याचीच नक्कल करत चालते. त्याने एक तुकडा टाकला की ती तो परत करते, वर थोडा तिखट करून. आपल्याकडचा सवाल-जवाब आठवा. बराच वेळ ते एकमेकांना हातही लावत नाहीत. मेघगर्जना होते, लय वाढते, दोघं एकमेकांना गिरकी देतात. तो तिला फिरवतो तशी तीही त्याला फिरवते. शेवटी दोघं मंडपाच्या कडेला बसतात आणि हस्तांदोलन करतात. मिठी नाही, चुंबन नाही. बरोबरीच्या दोन माणसांनी सौदा पक्का करावा तसा हात मिळवतात. हा नाच संपतो तेव्हा ती प्रेमात पडलेली असते आणि त्याबद्दल कुणीही एक शब्द बोललेलं नसतं.

'चीक टू चीक' हे या सिनेमातलं सर्वांत प्रसिद्ध गाणं. त्यातला जिंजरचा पिसांचा झगा नीट बघा. शहामृगाची पिसं लावलेला हा झगा तिच्या हट्टाने ठेवला गेला. चित्रीकरणाच्या वेळी पिसं सुटून हवेत उडत होती, फ्रेडच्या कोटाला चिकटत होती, आणि तो चिडला होता. आजही बारकाईने पाहिलं तर एखादं पीस गळताना दिसतं. पण पडद्यावर बघा कोण बरोबर होतं ते. ती मागे झुकते तेव्हा पिसं एक क्षण उशिराने झुकतात, ती थांबते तेव्हा ती हळूच बसतात. झगाच नाचतोय. नंतर फ्रेडने तिला सोन्याचं एक छोटं पीस भेट दिलं.

नाच कसा बघायचा

पहिल्या वेळी काहीच करू नका, नुसता बघा. दुसऱ्या वेळी कट मोजा. म्हणजे कॅमेरा एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी किती वेळा मारतो ते बोटांवर मोजा. आजच्या गाण्यांची सवय असलेल्याला धक्का बसेल. दोन-अडीच मिनिटांचा नाच दोन-तीन तुकड्यांत, कधी एकाच तुकड्यात संपतो. अस्टेअरचा आग्रहच होता तसा: डोक्यापासून पायापर्यंत सबंध शरीर चौकटीत दिसलं पाहिजे आणि नाच शक्यतो सलग टिपला पाहिजे. मध्येच नुसते पाय, मध्येच हसरा चेहरा, मध्येच टाळ्या वाजवणारे प्रेक्षक, असं त्याला चालत नसे. कॅमेरा बुटक्या गाडीवर बसवून त्यांच्याबरोबर सरकवत नेत. त्यामुळे चूक झाली की लपवायला जागा नाही, सगळं पहिल्यापासून. तुम्ही जे बघताय ते दोन माणसांनी एका दमात खरोखर केलेलं आहे, या विश्वासावर सगळी जादू उभी आहे.

हे नाच बसवायला आठवडेच्या आठवडे लागत. फ्रेड आणि त्याचा सहकारी हर्मीझ पॅन दोघं मिळून रचना करत. जिंजर बहुतेकदा दुसऱ्या सिनेमाच्या चित्रीकरणात अडकलेली असे, म्हणून पॅन तिच्या जागी उभा राहून फ्रेडबरोबर तिचा भाग नाचे आणि मग तो भाग तिला शिकवी. टॅपचे आवाज बहुतेक वेळा चित्रीकरणानंतर वेगळे ध्वनिमुद्रित करून जोडलेले असत. 'रॉबर्टा'मधलं 'आय विल बी हार्ड टू हँडल' याला अपवाद. तिथले बोल नाचतानाच टिपलेले आहेत, म्हणूनच तिथे दोघांच्या हसण्या-खिदळण्याला तो ताजेपणा आहे.

तिसऱ्या वेळी फक्त जिंजरकडे बघा. ही पायरी कुणी गाळू नका. नजर आपोआप फ्रेडकडे जाते, कारण तो हवेवर चालल्यासारखा चालतो. पण नाचाला अर्थ ती देते. नाचताना तिचा चेहरा कधी रिकामा नसतो: आधी सावध, मग कुतूहल, मग नको नको म्हणत वाहून जाणं, मग भानावर येऊन दचकणं. नाच हे अभिनयाचं काम आहे, अभिनय थांबवून करायचं दुसरं काम नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने हे सगळं उलट्या पावलांनी आणि उंच टाचा घालून केलं, असं एक वाक्य नेहमी सांगितलं जातं. ते बॉब थेव्ह्ज या व्यंगचित्रकाराच्या 1982 मधल्या चित्रातून आलेलं आहे. वाक्य छान आहे, पण त्यात तिच्या चेहऱ्याचा उल्लेख नाही आणि माझ्या मते तिचं मोठेपण टाचांपेक्षा चेहऱ्यात जास्त आहे.

दोघं कुठून आले तेही थोडक्यात सांगतो, म्हणजे तिच्याकडे का बघायचं ते कळेल. फ्रेड 1899 मध्ये ओमाहा इथे जन्मला. लहानपणापासून थोरली बहीण अॅडेल हिच्याबरोबर रंगमंचावर नाचत होता, आणि लोक तिलाच जास्त मानत. 1932 मध्ये लग्न करून तिने रंगमंच सोडला. इतकी वर्षं जोडीतला एक म्हणून जगल्यावर त्याला पुन्हा कुठल्याही जोडीत अडकायचं नव्हतं. जिंजर त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, मिझुरीत जन्मलेली, टेक्ससमध्ये चार्ल्सटन नाचाची स्पर्धा जिंकून रंगमंचावर आलेली. फ्रेडबरोबरच्या पहिल्या सिनेमाआधी तिच्या नावावर त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त सिनेमे होते. तो तालमीच्या शिस्तीत वाढलेला आणि ती कॅमेऱ्यासमोर तयार झालेली. पडद्याबाहेर ते जोडपं नव्हते. 1933 मध्ये त्याचं लग्न झालं, 1934 मध्ये तिचं. पडद्यावर जे आहे ते सगळं घडवलेलं आहे, आणि म्हणून मला ते जास्त थोर वाटतं.

दुसरा: 'स्विंग टाइम'

1936. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स, संगीत जेरोम कर्न, शब्द डोरोथी फील्ड्स. कथा 'टॉप हॅट'पेक्षा विस्कळीत आहे, सुरुवातीची वीसेक मिनिटं रेंगाळतात. धीर धरा. नाचांच्या बाबतीत या सिनेमाच्या वर काही नाही.

लकी हा जुगारी नर्तक आहे, पेनी नाच शिकवण्याच्या शाळेत शिक्षिका. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून तो नाच येत नसल्याचं सोंग करून तिच्या वर्गात शिरतो, धडपडतो, पडतो. ती वैतागून सांगते की याला कुणीही शिकवू शकणार नाही. नेमकं ते मालकाच्या कानावर पडतं आणि तिची नोकरी जाते. मग तिने मला किती शिकवलं ते बघा, असं म्हणून लकी तिला मालकासमोर नाचायला ओढतो. हे 'पिक युअरसेल्फ अप'. पहिल्या काही क्षणांत तिचा चेहरा बघा: थक्क, मग राग, मग 'अस्सं होय!' आणि मग निव्वळ आनंद. शेवटी दोघं नाचाच्या जागेभोवतीचा बुटका कठडा उड्या मारून पार करतात, परत आत येतात, पुन्हा बाहेर जातात, आणि नोकरी परत मिळते. हा नाच उदास दिवशी लावून बघा. मी लावतो.

पुढे 'द वे यू लुक टुनाइट'. तो पियानोवर बसून तिच्या रूपावर गाणं गातोय. आत तिने केसांना साबण लावलाय. गाणं ऐकत ऐकत ती तशीच, डोक्यावर फेस घेऊन बाहेर येते आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवते. त्या वर्षीचं सर्वोत्तम गाण्याचं ऑस्कर या गाण्याला मिळालं. यात नाच नाही, आणि तो नाही तेच बरोबर आहे. ते दोघं अजून तिथवर पोचलेले नाहीत.

शेवटाकडे 'नेव्हर गॉना डान्स'. रिकामा नाइट क्लब, चकाकती काळी फरशी, दोन बाजूंनी वर जाणारे जिने. ती दुसऱ्याशी लग्न करणार आहे. आता आपण कधीच नाचणार नाही, असं तो गातो. मग दोघं नुसते चालायला लागतात. चालण्याचा हळूहळू नाच होतो, आणि आधीच्या नाचांतले सूर आणि पावलं परत येतात, जुन्या पत्रांतल्या ओळी आठवाव्यात तशी. 'टॉप हॅट'मधल्या मंडपात नाचून प्रेम जमलं होतं, इथे नाचूनच निरोप घेतला जातो. शेवटी दोन्ही जिन्यांवरून दोघं वर जातात आणि वरच्या मजल्यावर गिरक्यांची झड लागते. या भागाचे एका दिवसात 47 टेक झाले असं सांगतात. जिंजरच्या पायांतून रक्त येत होतं, पण तिने थांबायचं नाव काढलं नाही. ही हकीकत मी मुद्दाम आधी सांगतोय, पण बघताना ती विसरा. पडद्यावर कष्टाचा मागमूस नाही. दिसतं ते एवढंच: एक बाई निघून जायचं ठरवून आलीय आणि तिचे पाय निघायला तयार नाहीत.

याच सिनेमात एका ठिकाणी तुम्ही अस्वस्थ व्हाल, आणि व्हायलाच हवं. 'बोजँगल्स ऑफ हार्लेम' या नाचात फ्रेड चेहरा काळा रंगवून येतो. थोर कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन यांना मानवंदना, असा त्यामागचा हेतू. पण गोऱ्या कलाकाराने चेहरा काळा करून कृष्णवर्णीयांचं सोंग आणणं ही अमेरिकन रंगमंचावरची जुनी, अपमानकारक रीत होती. टॅप नाचाची एक मोठी मुळी आफ्रिकन अमेरिकन नर्तकांकडे जाते, आणि रॉबिन्सन स्वतः त्याच वर्षांत हॉलिवूडमध्ये काम करत होते. त्या नाचात फ्रेड आपल्या तीन सावल्यांबरोबर नाचतो, आणि ती कल्पना अफाट आहे, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बघाव्या लागतात. मुलांबरोबर बघणार असाल तर आधी त्यांना हे समजावून सांगा.

मग 'द गे डिव्होर्सी' आणि पुढचे

1934 चा 'द गे डिव्होर्सी' तिसऱ्या क्रमांकावर बघा. मुख्य भूमिकांत ते दोघं पहिल्यांदा आले ते इथे. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं हॉटेल, आणि नायिकेला घटस्फोट हवाय म्हणून भाड्याने ठरवलेला खोटा प्रियकर. नायकालाच ती तो भाडोत्री माणूस समजते. हा सिनेमा ज्या संगीत नाटकावरून काढला त्यातल्या कोल पोर्टरच्या गाण्यांपैकी एकच सिनेमात राहिलं, 'नाइट अँड डे'. तिला निघून जायचंय. ती ज्या बाजूला वळते त्या बाजूला तो आडवा येतो, पण धसमुसळेपणा नाही. ती एकदा थांबते, दोन पावलं बरोबर टाकते, पुन्हा सुटू पाहते. नाच संपताना ती बाकावर टेकते आणि भारावल्यासारखी त्याच्याकडे बघत राहते. तो हात झटकतो आणि तिला सिगारेट विचारतो. त्या काळात अमेरिकन सिनेमावर नीतिनियमांची कडक कात्री नुकतीच लागली होती. पडद्यावर जे दाखवायला बंदी होती ते सगळं या चार-साडेचार मिनिटांत आहे आणि आक्षेप घ्यायला कुठेच जागा नाही. 'द कॉन्टिनेन्टल' हा लांबलचक समूहनाच मात्र मला थोडा ताणलेला वाटतो. सर्वोत्तम गाण्याचं पहिलंवहिलं ऑस्कर त्याच गाण्याला मिळालं, म्हणून बघून घ्या.

या तीन सिनेमांनंतर एकदा सेटकडे बघा. पांढरीशुभ्र दालनं, गोलाई घेतलेले कोपरे, समांतर रेषांचे कठडे, आरशासारख्या फरश्या. हीच आर्ट डेको शैली त्याच दशकात मुंबईत उभी राहत होती. मरीन ड्राइव्हच्या इमारती, 1933 चं रीगल, 1938 चं इरॉस डोळ्यांसमोर आणा. चर्चगेटला उतरून इरॉसच्या वळणाकडे बघत उभं राहिलेल्या माणसाला 'टॉप हॅट'च्या उत्तरार्धातलं, स्टुडिओत उभारलेलं खोटं व्हेनिस परकं वाटत नाही. अमेरिकेत मात्र तेव्हा महामंदी होती. 1933 मध्ये तिथे चारातला एक कामकरी बेकार होता. ज्यांच्या खिशात जेमतेम तिकिटापुरते पैसे होते, ते लोक ही चकाकती फरशी बघायला येत होते.

'फॉलो द फ्लीट' (1936) अख्खा बघितलाच पाहिजे असं नाही. फ्रेड त्यात खलाशी आहे आणि मधला बराच भाग सपाट आहे. पण शेवटचं 'लेट्स फेस द म्युझिक अँड डान्स' चुकवू नका. हे सिनेमातलं एक छोटं नाटकच आहे. जुगारात सगळं हरलेला माणूस पिस्तूल काढतो, तेवढ्यात त्याला कठड्यावरून उडी मारायला निघालेली बाई दिसते. तो तिला थांबवतो, रिकामं पाकीट दाखवतो, पिस्तूल दाखवतो, दोन्ही फेकून देतो आणि तिला नाचायला बोलावतो. जिंजरचा मण्यांचा झगा इतका जड होता की गिरकी घेताना त्याची बाही फ्रेडच्या तोंडावर आपटली. तो टेक पहिलाच होता. पुढे कितीतरी टेक घेतले, पण शेवटी सिनेमात तो पहिलाच गेला. म्हणजे सुरुवातीलाच जोरदार फटका खाल्लेला माणूस पुढचा सबंध नाच चेहऱ्यावरची रेघ न हलवता करतो, ते तुम्ही बघताय.

'शॅल वी डान्स' (1937) संगीतकार जॉर्ज आणि गीतकार आयरा या गर्श्विन बंधूंच्या गाण्यांसाठी. दोघांचं लग्न झालंय अशी अफवा इतकी पसरते की ती मोडायला, म्हणजे रीतसर घटस्फोट घेता यावा म्हणून, त्यांना खरंच लग्न करावं लागतं. चाकाचे स्केट घालून केलेला टॅप यातच आहे. नाव फिरकीदार, गाणी उत्तम, पण जोडीच्या नाचांना यात कमी जागा मिळाली याची मला आजही हळहळ वाटते. जॉर्ज गर्श्विन हा सिनेमा लागल्यानंतर दोनच महिन्यांनी, 38 व्या वर्षी गेला.

'रॉबर्टा' आणि 'केअरफ्री' मधल्या आठवड्यांत केव्हाही चालतील. 'केअरफ्री'मध्ये (1938) फ्रेड मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि जिंजरला विनोदी अभिनयाला इतका वाव दुसऱ्या कुठल्या सिनेमात मिळालेला नाही. संमोहन झालेल्या अवस्थेत ती जो धुमाकूळ घालते तो बघून ती पुढे एकटीच्या बळावर काय करणार याचा अंदाज येतो. 1940 च्या सिनेमासाठी तिला अभिनयाचं ऑस्कर मिळालंच. या जोडीचं पडद्यावरचं पहिलं खरंखुरं चुंबनही इथेच, तेही स्वप्नात आणि संथगतीत. आणि 'फ्लाइंग डाउन टू रिओ' आता बघा. आता तुम्हाला माहीत आहे कुणाकडे बघायचं ते. 'कारिओका'साठी ते दोघं टेबलावरून उठून नाचायला जातात, कपाळाला कपाळ लावतात, आणि बाकीचा सिनेमा त्यांच्यापुढे फिका पडतो.

शेवटचे दोन शेवटीच

'द स्टोरी ऑफ व्हर्नन अँड आयरीन कासल' (1939) ही पहिल्या महायुद्धाआधीच्या खऱ्या नर्तक जोडप्याची गोष्ट. यात ते पहिल्यापासून जोडपं आहेत, त्यामुळे नाचून पटवायचं काही उरलेलं नाही. नाचही जुन्या धर्तीचे, संयमी. व्हर्नन कासल 1918 मध्ये विमान अपघातात गेला, आणि सिनेमाही तिथेच जातो. आधीचे आठ सिनेमे बघून इथे आलात तर शेवटी एकट्या उरलेल्या जिंजरच्या डोळ्यांसमोर जे तरळतं ते तुमच्याही ओळखीचं असेल. आरकेओमधला हा त्यांचा शेवटचा एकत्र सिनेमा.

'द बार्कलीज ऑफ ब्रॉडवे' (1949) हा दोघांचा एकमेव रंगीत सिनेमा. आधी तो गायिका-अभिनेत्री जुडी गार्लंडबरोबर ठरला होता. तिला तो करता आला नाही आणि जिंजरला बोलावणं गेलं. दोघं आता थोराड दिसतात, त्याने पन्नाशी गाठलेली. सिनेमा मध्यम आहे. पण तो लावायच्या आदल्या रात्री 'शॅल वी डान्स'मधला फेरीबोटीवरचा प्रसंग पुन्हा बघा. धुकं, बोटीचा कठडा, फ्रेड जिंजरसाठी 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' गातो: तुझी टोपी घालण्याची तऱ्हा, चहा पिण्याची तऱ्हा, माझ्याकडून कुणी हिरावून घेऊ शकत नाही. ती ऐकत राहते, डोळे भरून येतात. आणि तिथे ते नाचत नाहीत. दुसऱ्या दिवशी 'बार्कलीज' लावा. त्यात रंगमंचावर दोघं समोरासमोर येतात, फ्रेड तेच गाणं म्हणतो, आणि बारा वर्षांपूर्वी बोटीवर राहून गेलेला नाच सुरू होतो.